सिस्टरच्या हातावरची केमो

डोळ्यांच्या विभागात फ्लुओरेसीनची अँप्यूल मागायला गेले, तेव्हा तिथल्या सिस्टर म्हणाल्या, "केमोवाल्यांना हे कशाला हवं?" फ्लुओरेसीन हा डोळा तपासताना वापरतात तो रंग. भरपूर पाण्यात पातळ केला की साध्या उजेडात जेमतेम कळतो, पण जांभळ्या दिव्याखाली हिरवागार चमकतो. मी हॉस्पिटलात फार्मसिस्ट आहे. केमोचं, म्हणजे कॅन्सरवरचं, औषध बनवताना ते कुठे कुठे जातं हे मला आमच्या लोकांना दाखवायचं होतं, कारण सांगून कुणाला पटत नव्हतं.

शनिवारी दुपारी शेवटचा पेशंट गेल्यावर दोन सिस्टरांच्या हाती मी रंग भरलेल्या वायली दिल्या. वायल म्हणजे रबरी बुचाची इंजेक्शनची बाटली. रोज करता तसंच करा, म्हटलं. त्यांनी सिरिंजमध्ये औषध ओढलं, सलाइनमध्ये सोडलं, सेट म्हणजे सलाइनची नळी लावली, हवा काढली, बाटली स्टँडला टांगली, दहा मिनिटांनी उतरवून टाकून दिली. दोघींचे हात सराईत. मला तरी काही चुकलेलं दिसलं नाही. मग पडदे ओढले, ट्यूब बंद केल्या आणि नोटा तपासायची जांभळी टॉर्च लावली.

ग्लोव्हज चमकले, ते अपेक्षितच होतं. पण टेबलाची कडही चमकली. स्टँडचा दांडा, फ्रीजची मूठ, रजिस्टरच्या पानाचा कोपरा, बॉलपेन. एका सिस्टरच्या कपाळावर, जिथून तिने केस मागे सारले होते तिथे, बोटभर हिरवी रेघ. आणि आमच्या मावशींच्या तळहातावर दोन ठिपके. मावशींनी औषधाला हातही लावला नव्हता, फक्त ट्रे उचलून नेला होता.

हे आत्ता लिहायचं कारण असं. २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात जाहीर झालं की तीन वर्षांत सगळ्या जिल्हा रुग्णालयांत डे केअर कॅन्सर सेंटर उघडणार, त्यातली २०० त्याच वर्षात. गडचिरोलीहून नागपूर आणि सिंधुदुर्गातून मुंबई नाहीतर गोवा गाठणाऱ्या पेशंटसाठी यापेक्षा चांगली बातमी नाही. सकाळी एसटीने यायचं, केमो घ्यायची, संध्याकाळी घरी. पण ही केमो तिथे कोण मिसळणार, कुठल्या टेबलावर, आणि त्या टेबलाचा ओला बोळा कोण धुणार, याबद्दल बातम्यांत मला एक ओळ सापडली नाही.

हे औषध मुळात करतं काय?

कॅन्सरची पेशी भराभर वाढते, एकीच्या दोन, दोनाच्या चार. दुभंगताना ती आपल्या डीएनएची, म्हणजे शरीर कसं घडवायचं याच्या लेखी कृतीची, नक्कल काढते. बरीच केमो औषधं नेमकी तिथे घाव घालतात. कुणी डीएनएच्या दोन धाग्यांना एकत्र चिकटवून टाकतं, कुणी नक्कल काढणारं यंत्र अडवतं. अशा औषधांना सायटोटॉक्सिक म्हणतात, म्हणजे पेशींना मारणारी. या लेखापुरतं मी त्यांना केमोच म्हणेन.

घोटाळा असा की या औषधाला शत्रू-मित्र ओळखता येत नाही. भराभर वाढणारी प्रत्येक पेशी त्याच्या तावडीत सापडते. केसांची मुळं, तोंडाचं अस्तर, रक्त तयार करणारी हाडांतली मज्जा. म्हणून केस गळतात, तोंड येतं, पांढऱ्या पेशी घटतात. आणि सगळ्यात भराभर वाढणारी गोष्ट कोणती म्हणाल, तर पहिल्या तीन महिन्यांतला गर्भ.

या औषधांची वंशावळ पाहिली की आश्चर्य वाटत नाही. पहिल्या महायुद्धात वापरलेल्या मस्टर्ड वायूने मेलेल्या सैनिकांच्या रक्तात पांढऱ्या पेशी जवळपास संपलेल्या आढळल्या होत्या. त्या वायूचा भाऊबंद असलेला नायट्रोजन मस्टर्ड १९४२ मध्ये अमेरिकेत येल विद्यापीठात एका कॅन्सर पेशंटला दिला गेला. युद्धकाळातलं गुपित म्हणून ते १९४६ पर्यंत छापलंही नाही. आज स्तनाच्या कॅन्सरपासून लिम्फोमापर्यंत (लसिका ग्रंथींचा कॅन्सर) सर्रास वापरलं जाणारं सायक्लोफॉस्फामाइड त्याच घराण्यातलं आहे.

पेशंटला औषध आणि सिस्टरला अपाय, असं कसं?

हा प्रश्न मला प्रशिक्षणाच्या दर बॅचमध्ये कुणीतरी विचारतंच. उत्तर हिशोबाचं आहे. पेशंटला कॅन्सर आहे. औषध दिलं नाही तर काय होईल हे माहीत आहे, म्हणून दिल्याचा अपाय पत्करायचा. तोही किती वेळा? सहा सायकल, आठ सायकल, म्हणजे केमोच्या सहा-आठ फेऱ्या. सिस्टरला कॅन्सर नाही. तिच्या अंगात गेलेला प्रत्येक कण तोट्याच्या खात्यात, आणि तो जातो वर्षाचे अडीचशे-तीनशे दिवस, पुढची वीस वर्षं.

प्रमाण अर्थातच फार वेगळं असतं. पेशंटच्या शिरेत एका वेळी एक ग्रॅमच्या आसपास सायक्लोफॉस्फामाइड जाऊ शकतं. कर्मचाऱ्यांच्या लघवीत सापडतं ते नॅनोग्रॅममध्ये मोजावं लागतं, आणि एका ग्रॅमात असे शंभर कोटी नॅनोग्रॅम असतात. त्यामुळे ड्युटीवर असताना सिस्टरचे केस गळणार नाहीत. कुणाला डोकं दुखतं, मळमळतं, अंगावर पुरळ येतं, बस. भीती आहे ती हळू होणाऱ्या गोष्टींची.

जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने सायक्लोफॉस्फामाइड, मेल्फालान, बुसल्फान ही औषधं 'माणसात कॅन्सर घडवतात' अशा पहिल्या गटात टाकली आहेत. तंबाखू आणि ॲस्बेस्टॉस त्याच गटात आहेत. सिस्प्लॅटिन आणि पेशंट ज्याला 'लाल केमो' म्हणतात ते डॉक्सोरुबिसिन त्याखालच्या, 'बहुधा घडवतात' या गटात. गैरसमज नको म्हणून सांगते: हे गट पुरावा किती पक्का आहे ते सांगतात, धोका किती मोठा आहे ते नाही. आणि हा पुरावाही आला तो मुख्यतः बऱ्या झालेल्या पेशंटकडून, ज्यांच्यापैकी काहींना वर्षांनंतर रक्ताचा किंवा मूत्राशयाचा दुसरा कॅन्सर झाला.

याचा नर्सशी संबंध कुणी लावला?

१९७९ मध्ये फिनलंडच्या संशोधकांनी एक साधा प्रयोग केला. केमो हाताळणाऱ्या नर्सेसची लघवी घेतली आणि ती विशिष्ट जिवाणूंना घातली. जिवाणूंच्या डीएनएत बदल होण्याचं प्रमाण वाढलं. तेव्हा कॅन्सर वॉर्डात नर्सेस उघड्या टेबलावर, उघड्या हातांनी औषधं मिसळत असत. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात हे छापून आलं आणि जगभरच्या हॉस्पिटलांना पहिल्यांदा दचकायला झालं.

मला त्याहून बोलका वाटतो तो अमेरिकेत ह्यूस्टनमध्ये १९८२ च्या सुमारास झालेला अभ्यास. तो माझ्याच जमातीवरचा आहे, फार्मसिस्टांवरचा. औषधात जंतू पडू नयेत म्हणून ते स्वच्छ हवेच्या झोतासमोर काम करत. पण तो झोत आडवा, समोरून थेट तोंडावर येणारा. आठवडाभर त्यांच्या लघवीत तसाच दोष वाढत गेला आणि काम थांबवल्यावर उतरला. झोत वरून खाली सोडणाऱ्या कपाटात काम केल्यावर तो दिसेनासा झाला. माणसं तीच, काम तेच. बदलली फक्त वाऱ्याची दिशा.

गर्भाबद्दलचा पुरावा सगळ्यात ठोस आहे. फिनलंडमधल्याच १७ हॉस्पिटलांच्या नर्सेसचा अभ्यास १९८५ मध्ये आला. पहिल्या तीन महिन्यांत केमो हाताळलेल्यांत गर्भ न टिकण्याची शक्यता दुपटीहून थोडी जास्त होती. अमेरिकेतल्या नर्सेसच्या साडेसात हजारांच्या आसपास गर्भारपणांचा अभ्यास २०१२ मध्ये छापला गेला, त्यातही आकडा जवळपास दुप्पट. नर्सेसना या कामामुळे प्रत्यक्ष कॅन्सर किती होतो, याचा पुरावा मात्र पातळ आहे, आणि तो फुगवून सांगणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका.

वायल म्हणजे छोटा कुकर

आता त्या टेबलावर नेमकं काय घडतं ते जवळून पाहू.

एक ग्रॅम सायक्लोफॉस्फामाइड पावडरच्या रूपात येतं. ते विरघळवायला वायलीत ५० मिली पाणी किंवा सलाइन सोडायचं. वायल चहूबाजूंनी बंद. आत ५० मिली गेलं की तेवढीच हवा आत कोंडते. वाफ जिरायच्या आधी कुकरचं झाकण ओढलं तर काय होईल? इथेही तेच होतं. सुई बाहेर काढताच दाबाखालची हवा त्या बारीक भोकातून औषधाचे तुषार घेऊन बाहेर पडते. डोळ्यांना दिसत नाहीत इतके बारीक. ते टेबलावर, बाहीवर, चष्म्यावर बसतात, उरलेले नाकात.

यावरचा उपाय शून्य रुपयांचा आहे. थोडं पाणी सोडायचं, तेवढीच हवा सिरिंजमध्ये परत ओढून घ्यायची, पुन्हा थोडं पाणी, पुन्हा हवा. औषध काढताना उलट: दहा मिली काढायचं तर दहापेक्षा जरा कमीच हवा आत सोडायची, म्हणजे वायलीत ओढ राहते आणि सुई काढताना काही बाहेर उडत नाही. हे हाताला बसायला महिना लागतो. हवेची ये-जा गाळणीतून होऊ देणारा स्पाइक, म्हणजे वायलीच्या बुचात खुपसायचं टोक, तोही मिळतो, त्याने काम सोपं होतं. त्यापुढची पायरी म्हणजे वायल, सिरिंज आणि सलाइन यांना एकमेकांत घट्ट अडकवणारी बंद जोडणी, ज्यात औषध बाहेरच्या हवेला भेटतच नाही. ती उत्तम आहे, महागही आहे.

दुसरी जागा सेटची. सलाइनच्या नळीतली हवा काढण्यासाठी आपण चार थेंब ट्रेत पडू देतो. ते चार थेंब औषधाचे असतात! सेट आधी साध्या सलाइनला लावून हवा काढून घ्यायची आणि मग त्या बाटलीत औषध सोडायचं, तर पडणारे थेंब नुसत्या मिठाच्या पाण्याचे. बाटली संपल्यावर सेट उपसून काढायचा नाही, दोन्ही एकत्र टाकून द्यायचं. आमच्या टॉर्चखाली स्टँडचा दांडा का चमकला, ते इथे कळलं.

आणि एक गोष्ट कळल्यावर मलाही धक्का बसला होता. कारखान्यातून आलेल्या सीलबंद वायलीच्या बाहेरच्या काचेवरही औषधाचा अंश सापडतो, हे अनेक देशांतल्या तपासण्यांत दिसलंय. आपल्याकडे तर नातेवाईक मेडिकलमधून वायल विकत घेतात, बर्फाच्या पिशवीत घालून, डब्याच्या शेजारी ठेवून वॉर्डात आणतात.

मास्क आणि ग्लोव्हज आहेत की!

आहेत, पण ते शेवटी येतात. घरात मिरचीची फोडणी दिली की सगळ्यांना ठसका लागतो. अशा वेळी तुम्ही घरातल्या प्रत्येकाच्या नाकाला रुमाल बांधता, की खिडकी उघडून पंखा लावता? जिथे धूर निघतो तिथेच तो पकडणं, हे पहिलं काम.

हॉस्पिटलातला तो पंखा म्हणजे बायोसेफ्टी कॅबिनेट. समोर काच, हवा वरून खाली येते, कडेच्या जाळीतून आत ओढली जाते आणि गाळून बाहेर सोडली जाते. बरेच लोक कुठल्याही पेटीला 'लॅमिनार' म्हणतात आणि मोकळे होतात. पण समोरून तोंडावर झोत सोडणारी पेटी औषधाला जंतूंपासून वाचवते आणि माणसाला औषध खाऊ घालते. पीठ चाळताना टेबलफॅन परातीच्या पलीकडे ठेवून आपल्याकडे वळवावा, तसं. आपल्या हॉस्पिटलात कुठली पेटी आहे, हे विचारायला लाजू नका. काही औषधांची वाफही होते आणि वाफ गाळणीत अडकत नाही, म्हणून गाळलेली हवा नळकांड्याने इमारतीबाहेर सोडणारं कॅबिनेट जास्त चांगलं.

त्यानंतर अंगावरचे कपडे. ग्लोव्हजचे दोन जोड, बिनपावडरचे, केमोसाठी तपासलेले. एक जोड गाउनच्या बाहीखाली, एक वर. अर्ध्या तासाने बदलायचे, कारण औषध रबरातून हळूहळू झिरपतं. गाउन मागे बांधायचा, पुढून बंद, पाणी न शोषणारा. सुती ॲप्रन औषध पिऊन ते अंगाशी धरून ठेवतो. साधा सर्जिकल मास्क तुषारांपुढे फारसा कामाचा नाही. एन-९५ कण अडवतो, वाफ नाही.

आणि सॅनिटायझर! कोविडने लावलेली ही सवय इथे उलटी पडते. अल्कोहोल केमोला निकामी करत नाही, नुसतं पसरवतं. साबण आणि वाहतं पाणी, दुसरं काही नको.

औषध अंगात शिरतं ते नाकावाटे कमी आणि कातडीवाटे जास्त. हळद कुटल्यावर कशी दारापासून देव्हाऱ्यापर्यंत पिवळी बोटं उमटत जातात, तसं हे बोटाबोटाने फिरतं. फक्त याला रंग नाही. सिस्टरच्या ग्लोव्हवरून पेनाला, पेनावरून डॉक्टरांच्या बोटाला, तिथून बिस्किटाला. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात कर्मचाऱ्यांचे हात पुसून तपासले, तेव्हा औषध कधीच न हाताळणाऱ्यांच्या हातांवरही ते सापडलं. मावशींच्या तळहातावरचे दोन ठिपके मला म्हणूनच जास्त छळतात.

"वीस वर्षं करतेय, मला काही झालं नाही"

हे वाक्य सगळ्यात अनुभवी सिस्टर म्हणतात, आणि त्यांच्याशी वाद घालणं अवघड, कारण त्या खरंच धडधाकट असतात. पण ज्यांना काही झालं, त्या बदली घेऊन गेलेल्या असतात, नोकरी सोडून गेलेल्या असतात. तिसऱ्या महिन्यात दिवस गेलेले राहिले नाहीत, तर कोण म्हणतं की हे वॉर्डातल्या टेबलामुळे? घरचे म्हणतात जड उचललं असेल, प्रवास झाला असेल. गर्भपात एरवीही बरेच होतात, त्यामुळे त्यातले जास्तीचे एक-दोन एका वॉर्डात बसून कधीच मोजता येत नाहीत. त्यासाठी हजारोंचे हिशोब मांडावे लागतात, आणि ते मांडले तेव्हाच दुप्पट आकडा दिसला.

दुसरा आक्षेप: एवढंसं प्रमाण आहे, अमुकपर्यंत चालतं अशी मर्यादा असेल ना? कारखान्यातल्या धुळीला असते तशी मर्यादा या बहुतेक औषधांना ठरवलेलीच नाही. डीएनएला दुखापत करणाऱ्या पदार्थाची 'इथपर्यंत काही होत नाही' अशी रेघ विश्वासाने ओढता येत नाही, म्हणून नियम एवढाच की जमेल तितकं कमी. अमेरिकेच्या कामगार-आरोग्य संस्थेने, नायॉशने, २००४ मध्ये धोकादायक औषधांची यादीच काढली आणि ती वेळोवेळी सुधारली. तिच्या अंदाजाने त्या एका देशात ८० लाख आरोग्य कर्मचाऱ्यांचा अशा औषधांशी संबंध येऊ शकतो. यादीत फक्त कॅन्सरची औषधं नाहीत. सांधेदुखीसाठी आठवड्यातून एकदा घेतात ते मेथोट्रेक्सेटही आहे.

मावशी, मामा आणि पिवळी पिशवी

केमो पेशंटच्या अंगातून काही तासांत नाहीशी होत नाही. लघवी, शौच, उलटी, घामातून साधारण ४८ तास ती बाहेर पडत राहते, काही औषधं त्याहून जास्त. बेडपॅन कोण उचलतं? उलटीचं भांडं कोण धुतं? चादर कोण झटकतं? आमच्या प्रशिक्षणांना डॉक्टर येतात, सिस्टर येतात, चहा द्यायला मावशी आत येतात आणि चहा देऊन बाहेर जातात. बहुतेक ठिकाणी त्या कंत्राटी, म्हणून त्यांची नोंदच कुठल्या यादीत नाही.

कचऱ्याबाबत आपला कायदा स्पष्ट आहे. २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांत केमो लागलेल्या वस्तू पिवळ्या पिशवीत किंवा डब्यात, सायटोटॉक्सिकचं चिन्ह लावून, वेगळ्या ठेवायच्या आहेत; त्या पुरवठादाराकडे परत जातात किंवा १,२०० अंश सेल्सिअसहून जास्त तापमानात जाळल्या जातात. साध्या पिवळ्या पिशवीपेक्षा हे तापमान जास्त आहे, म्हणून दोन्ही मिसळायच्या नाहीत. आणि नीडल कटर! आपल्या प्रत्येक वॉर्डाच्या भिंतीला तो टांगलेला. केमोची सुई त्यात घातली की कापताना थेंब उडतो. सुई सिरिंजसकट अख्खी टाकायची.

मिसळण्याच्या टेबलाबद्दल मात्र इतकी सक्ती जाणवत नाही. हॉस्पिटलांच्या दर्जाला मान्यता देणाऱ्या एनएबीएचच्या मानकांत केमो सुरक्षित हाताळण्याची अपेक्षा आहे, पण ती मान्यता घेणं हॉस्पिटलच्या मर्जीवर. युरोपने २०२२ मध्ये कामगार-संरक्षणाच्या आपल्या कायद्यात अशा औषधांचा विचार आणला, अमेरिकेच्या औषधसंहितेत यावर स्वतंत्र अध्याय आहे. आपल्याकडे अजून सगळं प्रमुख सिस्टरच्या चिकाटीवर चालतं.

छोट्या हॉस्पिटलला हे परवडेल?

कॅबिनेटला काही लाख लागतात, देखभाल वेगळी. दिवसाला चार केमो देणाऱ्या ठिकाणी ते जड जातं, हे मान्य. पण चार ठिकाणी चार टेबलांवर मिसळण्यापेक्षा जिल्ह्यात एकाच जागी, एका कॅबिनेटमध्ये औषध तयार करून सीलबंद पिशव्या पाठवल्या तर? काही औषधं मिसळल्यावर फार काळ टिकत नाहीत, म्हणून सगळी नाही जमणार, पण बरीच जमतील. रक्तपेढ्या रक्त पाठवतातच की.

तोवर फुकटात होण्यासारखं पुष्कळ आहे. सेट आधी लावणं, दाबाची युक्ती, साबणाने हात. मिसळायची खोली वेगळी, पंखा बंद, तिथे चहा-डबा-मोबाइल नाही. टेबलावर प्लास्टिक मागे लावलेला शोषक कागद, तो दर शिफ्टला टाकायचा. सांडलंच तर लागणारं सगळं एका खोक्यात आधीच भरून ठेवायचं: ग्लोव्हज, गाउन, शोषक कपडे, चिमटा, पिशवी. पुसायचं कडेकडून मध्याकडे, साबणाने. काही औषधांना हायपोक्लोराइट, म्हणजे ब्लीचचं पाणी, निकामी करतं, पण तेही नंतर पुसून घ्यायचं. डोळ्यात उडालं तर निदान पंधरा मिनिटं पाणी, आणि नोंद. नोंद करायला लोक घाबरतात, कारण वरिष्ठ पहिल्यांदा विचारतात "कुणाची चूक?"

दिवस गेलेल्या सिस्टरला केमो मिसळण्यापासून आणि सांडलेलं पुसण्यापासून दूर ठेवावं, मूल हवं असणाऱ्यांना आणि अंगावर पाजणाऱ्यांनाही ती सोय मागता यावी, पुरुषांनाही. अडचण एवढीच की धोका सगळ्यात जास्त असतो तेव्हा, पहिल्या सहा-आठ आठवड्यांत, बाईलाच पुरतं माहीत नसतं. आणि माहीत झालं तरी आपल्याकडे तिसरा महिना लागल्याशिवाय कुणाला सांगत नाहीत. त्यामुळे 'सांगा, मग बदलू' हा नियम उशिराचा ठरतो. टेबलच असं हवं की न सांगताही चालेल.

पेशंटला घरी मिठी मारायची की नाही?

मारायची. शेजारी बसायचं, एका ताटात जेवायचं, हात हातात घ्यायचा. एवढं वाचून कुणी आपल्या आईपासून लांब झोपायला लागलं तर माझा लेख फुकट गेला.

काळजी आहे ती लघवी, शौच आणि उलटीची, तीही साधारण दोन दिवस. डॉक्टर जास्त दिवस म्हणाले तर तितके. कमोड असेल तर झाकण लावून दोनदा फ्लश, पुरुषांनी बसून लघवी. भारतीय बैठकीला झाकण नसतं, तिथे बादली खाली धरून पाणी हळू ओतायचं म्हणजे शिंतोडे उडत नाहीत. भरलेले कपडे ग्लोव्हज घालून वेगळे धुवायचे. संबंधांच्या वेळी कंडोम.

केमोच्या गोळ्यांना हात न लावता झाकणातून तोंडात किंवा छोट्या वाटीत घ्यायच्या. देणाऱ्याने ग्लोव्हज घालायचे. तोंडाच्या कॅन्सरचे पेशंट आपल्याकडे भरपूर, त्यांना नाकातून नळी असते आणि गोळी खलबत्त्यात कुटून त्यातून देणारी घरं मी पाहिली आहेत. त्याच खलबत्त्यात दुसऱ्या दिवशी आलं-लसूण. केमोची गोळी कुटायची नाही, फोडायची नाही. नळी आहे हे डॉक्टरांना आणि फार्मसिस्टला आधीच सांगा, दुसरा मार्ग काढता येतो.

सहा महिन्यांनी आम्ही पुन्हा पडदे ओढले. यावेळी तिसरी वायल मावशींच्या सांगण्यावरून ठेवली होती. ट्रे नेण्याची पद्धत त्यांनी स्वतः बदलली होती, त्यांना ती तपासून हवी होती. टेबलाची कड काळीच राहिली, स्टँड काळा, फ्रीजची मूठ काळी. मावशींचे तळहात टॉर्चखाली दोनदा उलटेपालटे करून पाहिले, काही नाही. त्या खूश होऊन दिवा लावायला निघाल्या, तेवढ्यात टॉर्च माझ्या ॲप्रनच्या खिशावर पडली. माझ्या मोबाइलच्या कव्हरवर अंगठ्याचा हिरवा ठसा होता.